जुन्या चांदीच्या भांड्यांची पारख
(महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



सणाच्या ह्या दिवसांत आम्ही सराफकट्ट्याचा विषय कां काढिला, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. कारण साधें आहे. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलें विलायतेंत नोकरी करितात, आणि तेथील लिलावांतून जुने चमचे, चहादाण्या, मेणबत्तीचीं घरें घेऊन येण्याची हौस वाढली आहे. कोणी तीं लग्नांत आहेर म्हणून देतात, कोणी देवळास अर्पण करूं इच्छितात. हौस चांगली, परंतु घामाचा पैसा देऊन मुलामा घरीं आणिला तर नुकसान दुहेरी होतें. पैसा जातो, आणि पुढील पिढीच्या हातीं खोटी वस्तु खरी म्हणून जाते. म्हणून इंग्लंडांतील जुन्या चांदीविषयीं चार शब्द बोलावयाचें आम्हीं योजिलें आहे.

शुद्ध चांदी मऊ असते. तिला बळकटी यावी म्हणून हजार भागांत ९२५ भाग चांदी ठेवून बाकी बहुधा तांबें घालितात. हीच 'स्टर्लिंग' चांदी. आपले सराफ ज्यास टंच म्हणतात तो राखला जावा म्हणून १३०० सालीं राजा पहिला एडवर्ड ह्यानें कायदा केला, व कसास उतरलेल्या जिनसेवर बिबट्याचें मस्तक उमटविण्याची चाल पडली. १४७८ पासून लंडनच्या सोनारसंघाच्या वाड्यांत, म्हणजे 'हॉल'मध्यें, ही परीक्षा होऊं लागली. 'हॉलमार्क' हा शब्द तेथूनच आला. त्याच सुमारास वर्ष दाखविणारें अक्षर सुरू झालें, आणि १५४४ पासून चालता सिंह आला.

तेव्हां भांडें हातीं घेतलें कीं चार गोष्टी शोधाव्या: कारागिराचीं आद्याक्षरें, चांदीची ग्वाही देणारा सिंह, गांवाचें चिन्ह व वर्षाचें अक्षर. लंडनचें चिन्ह बिबट्या. बर्मिंगहॅमचा नांगर व शेफील्डचा मुकुट हे १७७३ पासूनचे. शेफील्डनें मात्र १९७५ पासून मुकुट सोडून गुलाब घेतला. एडिंबरोचा किल्ला. लंडनचीं अक्षरें वीस-वीस वर्षांनीं पुन्हा येत, म्हणून केवळ अक्षर पाहून साल ठरवूं नये. त्याचें वळण व भोंवतालच्या ढालीचा आकार कोष्टकाशीं ताडून पाहावा.

साक्षीदारांच्या जबान्या जशा एकमेकींशीं जुळाव्या लागतात तसेंच ठशांचें आहे. १७८४ ते १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाराणीचें मस्तक उमटवीत. अक्षर १७६० चें आणि शेजारीं हें मस्तक, असें दिसलें तर सावध व्हावें. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरील मुकुट १८२१ सालीं गेला. १६९७ ते १७२० पर्यंत ९५८ टंचाची चांदी सक्तीची होती. कारण नाणीं वितळवून भांडीं होऊं लागलीं होतीं. त्या काळच्या भांड्यांवर सिंहाऐवजीं बसलेली ब्रिटानिया असते.

आतां मुलाम्याविषयीं. सुमारें १७४२ सालीं शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हर ह्यानें तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटविण्याची युक्ति काढिली. कडा झिजल्या कीं आंतील तांबूस रंग डोकावतो. १८४० सालीं एल्किंग्टन ह्यांनीं विजेच्या मुलाम्याचा हक्क घेतला. त्या मालावर 'ई. पी. एन. एस.' हीं अक्षरें लहान लहान ढालींत मारलेलीं असतात, व घाईंत तीं हॉलमार्कासारखीं भासतात. तीं चांदीचीं नव्हत.

लबाडी ह्याहून सूक्ष्म असते. खऱ्या चमच्यावरून सांचा काढून ओतलेल्या चमच्यांवर ठसे तंतोतंत एकाच जागीं व एकाच तिरकसपणें असतात. हातानें मारलेले ठसे थोडे तरी इकडेतिकडे होतात. लहान जिनसेवरील खरा ठसा कापून मोठ्या भांड्यास झाळतात. अशा जागेवर तोंडाची वाफ सोडली तर झाळणाची रेघ पुष्कळदां दिसून येते. जुन्या पेल्यास चोंच लावून सुरई करितात. नव्यानें कस लाविल्याविना असा माल विकण्यास इंग्लंडांत १९७३ च्या कायद्यानें मनाई आहे. घराण्याचें चिन्ह घांसून काढलें असेल तर तेथला पत्रा आंगठ्याखालीं पातळ लागतो. सुऱ्यांच्या मुठी व मेणबत्तीचीं घरें आंतून राळेनें भरलेलीं असतात. त्यांचें वजन चांदीचें समजूं नये.

आपल्या देशांत तसा कायदा नव्हता. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी आपल्या मालावर विलायती धर्तीचे ठसे मारी. ते कसाचा दाखला नव्हत. तरी काम उत्तम असे. भुजच्या ओमरसी मावजी ह्यांच्या नक्षीकामास तर आज लिलावांत वजनाच्या कितीतरी पट किंमत येते. म्हणून आजीच्या पेटींतील चांदी मुशींत घालण्यापूर्वीं तिचा तळ एकदां पाहावा. मात्र शंभर वर्षांवरील अशी जिन्नस खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं; १९७२ चा कायदा आडवा येतो.

लिलावाचे नियम थोडके आहेत. आदल्या दिवशीं माल उलटासुलटा करून, भिंगानें पाहावा. यादींत 'चांदी' लिहिलें आहे कीं 'मुलामा', तें वाचावें. वजन ट्रॉय औंसांत, म्हणजे सुमारें ३१.१ ग्रॅमच्या मापानें देतात. त्यावरून मोडीची किंमत काढावी. हातोडा पडतो ती रक्कम शेवटची नव्हे. तिजवर लिलावगृहाचें शुल्क व घरीं आणतांना जकात चढते. आपली मर्यादा घरींच कागदावर लिहावी आणि ती ओलांडूं नये. कारण शेजारच्याचा हात वर गेला कीं आपलाही हात आपोआप वर जातो.

आम्ही कोणाची हौस मोडूं इच्छीत नाहीं. मुलाम्याचें भांडें मुलामा म्हणून घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. देवळासही तें त्याच नांवानें द्यावें. वस्तु जी आहे ती तिच्या खऱ्या नांवानें घ्यावी, द्यावी व मुलांच्या हवालीं करावी, एवढेंच आमचें मागणें आहे.