गर्भऊतींची तपासणी : वेळेवर मिळालेल्या माहितीचे मूल्य

(सेक्टर ६, भिलाई येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने गर्भनिदानावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माहितीचे मूल्य ती केव्हा हाती येते यावर ठरते, हे तत्त्व बाजाराइतकेच येथेही लागू पडते. आपल्या भागातील सिकलसेल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पोलाद कारखान्यामुळे भिलाईत वसलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे मूळ विदर्भात आहे आणि विदर्भ व छत्तीसगड हे दोन्ही प्रदेश या आजाराच्या पट्ट्यात येतात. मध्य भारतातील सिकलसेलविषयी आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार आदिवासींपुरता मर्यादित नाही. अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची २५ टक्के असते. वाहक व्यक्ती सहसा निरोगी दिसते. म्हणून तपासणीवाचून धोका उमगत नाही.

ऊती काय सांगते?

गर्भाच्या रक्तात प्रामुख्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असल्याने नेहमीची रक्तचाचणी अपुरी पडते. जनुकातील बदल मात्र गर्भाच्या प्रत्येक पेशीत असतो. १९७८ मध्ये वाय. डब्ल्यू. कान व ए. एम. डोझी यांनी गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून हे निदान शक्य असल्याचे दाखविले. आता साधारणतः १० ते १२ आठवड्यांदरम्यान सोनोग्राफीच्या साहाय्याने वारेच्या अंकुरांचा अल्पसा नमुना घेतात. हीच कोरिऑनिक व्हिलस तपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नमुन्यातून मातेची ऊती काळजीपूर्वक वेगळी करावी लागते. अन्यथा गर्भाऐवजी मातेचेच जनुक वाचले जाण्याचा संभव असतो. या प्रक्रियेत गर्भपाताचा अल्प धोका असतो. त्यामुळे समुपदेशन अनिवार्य ठरते.

कायद्याची चौकट

गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्रविषयक १९९४ चा कायदा हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी, विहित अटींनुसार व नोंदणीकृत केंद्रात अशा निदानास परवानगी देतो. मातेला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. गर्भाचे लिंग सांगण्यास सक्त मनाई आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे असते, २० ते २४ आठवड्यांदरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे मत लागते आणि त्यापुढे गर्भातील गंभीर विकृतीबाबत वैद्यकीय मंडळ निर्णय देते.

साखळीतील दुवे

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे. परंतु स्त्री चौथ्या-पाचव्या महिन्यात प्रथमच दवाखान्यात आली आणि पतीची तपासणी झालेलीच नसली, तर उत्तम प्रयोगशाळाही तिला वेळ परत देऊ शकत नाही. विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी वाहकांची ओळख, पहिल्या तिमाहीत नोंदणी, परवडणारा प्रवास व विनामूल्य चाचणी हे सारे दुवे जुळले, तरच ऊतीपरीक्षेवरील खर्च सार्थकी लागतो.

निर्मूलन आजाराचे करावयाचे आहे, आजारी माणसाचे नव्हे, हे येथे विसरता कामा नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने अनेक रुग्णांच्या वेदना कमी होतात. तपासणीनंतर काय करावयाचे, हा निर्णय दांपत्याचा, विशेषतः त्या मातेचा आहे. तो तिला पुरेशा माहितीनिशी, दडपणाविना आणि मुदतीत घेता यावा, एवढी व्यवस्था उभारणे हे शासनाचे कर्तव्य होय. उद्या प्रशासनात गेल्यावर किती चाचण्या झाल्या, एवढेच विचारू नका. त्यांतील किती अहवाल वेळेत पोहोचले, हेही विचारा.