अंदमान : पाऊस, माणसे आणि विकास

अंदमान म्हटले की महाराष्ट्रीय मनापुढे काळे पाणी उभे राहते. १९११ ते १९२१ ही वर्षे सावरकरांनी ज्या कारागृहात काढली, त्याच्या भिंती उभ्या राहतात. हे स्मरण योग्यच आहे. परंतु या द्वीपसमूहाची कहाणी त्या भिंतींपाशी संपत नाही. तिचा दुसरा धागा सुमारे १,२५० किलोमीटर दूर, कोलकात्याच्या गोदीपर्यंत जातो.

मार्च १८५८ मध्ये याच शहरातून २०० बंदिवानांना घेऊन जहाज निघाले आणि वसाहतीचा आरंभ झाला. एक्क्याण्णव वर्षांनी, १९४९ मध्ये, तेथूनच निराळे प्रवासी निघाले. फाळणीने घरदार हिरावून घेतलेली पूर्व बंगालची ती कुटुंबे होती. बंदिवानांना परतीची आशा नव्हती; निर्वासितांना परतण्यास घर नव्हते. त्यांनी रान साफ केले, खोऱ्यांत भात लावला, उतारांवर नारळ व सुपारी वाढविली. बंगाली ही आज बेटांवरील सर्वाधिक लोकांची मातृभाषा आहे, आणि तेथील न्यायदान कलकत्ता उच्च न्यायालयाच्या कक्षेत येते.

हवामान उष्ण व दमट. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे मुंबईहूनही अधिक. नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्यात येतात आणि ते सरल्यावर ईशान्येकडील वारेही पाऊस देतात. तरीही उन्हाळ्यात राजधानीच्या नळांना पाणी पुरत नाही. डोंगर उताराचे, ओढे आखूड. पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. ते धरून ठेवते अरण्य. झाड तुटले की माती वाहून जाते आणि किनाऱ्यावरील प्रवाळ गुदमरतात. येथे अरण्य हेच पहिले धरण होय.

या अरण्याचे धनी मात्र कोणत्याही जहाजाने आलेले नव्हते. ते सहस्रावधी वर्षांपासून तेथेच आहेत. नव्या वसाहतीने त्यांना रोग दिले. १८७७ मध्ये गोवराची साथ पसरली. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी जमातीचे ६२५ लोक उरले होते. १९६१ मध्ये अवघे १९. आदिम जमातींच्या रक्षणाचा कायदा १९५६ मध्ये झाला. पुढे जारवांच्या अरण्यातून मोठा रस्ता गेला आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर शिरला.

आता लक्ष दक्षिणेकडील ग्रेट निकोबारकडे वळले आहे. तेथे मोठे बंदर, विमानतळ व नगर उभारण्याच्या प्रकल्पास २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनभूमी लागणार आहे. बंदराची जागा गलाथिया उपसागरात, जेथे चामडी पाठीची महाकाय समुद्रकासवे अंडी घालतात. २००४ च्या भूकंपात या बेटाचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचले, आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने किनाऱ्यावरील निकोबारी गावे पुसून टाकली. आतल्या रानात दोन-अडीचशे शोंपेन राहतात.

सागरी व्यापाराची व संरक्षणाची गरज खरी आहे. बेटांवरील तरुणांना उद्योग हवा, हेही खरे. परंतु १८५८ मध्ये आणि १९४९ मध्येही निर्णय समुद्राच्या या तीरावर झाला आणि रानातल्या माणसास कोणी विचारले नाही. शोंपेनांची भाषा जाणणारे बाहेरचे लोक आजही विरळा. ज्यांना विचारताच येत नाही, त्यांची संमती गृहीत धरण्याचा अधिकार कोणास पोहोचतो, याचे उत्तर पहिले झाड तोडण्यापूर्वी मिळाले पाहिजे.