नास्तिक आणि निधर्मी



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी पन्नास वर्षांच्या वाटचालीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मंदिर, स्थानक, पाठशाळा, भोजनशाळा यांच्या उभारणीचा गौरव अवश्य व्हावा. परंतु ज्यांच्यासाठी ही उभारणी झाली, त्या पुढच्या पिढीच्या मनात आज काय चालले आहे, याचाही विचार याच व्यासपीठावर होणे आवश्यक आहे. म्हणूनच प्रस्तुत व्याख्यानासाठी थोडा अवघड वाटणारा विषय निवडलेला आहे.

जळगाव असो वा धुळे, अनेक घरांत हल्ली एक प्रसंग घडतो. पुण्या-मुंबईला शिकून आलेला मुलगा पर्युषणात प्रतिक्रमणाला येण्याचे टाळतो आणि विचारल्यावर सांगतो, ‘मी नास्तिक आहे.’ आजीच्या डोळ्यांत पाणी येते, वडिलांचा आवाज चढतो आणि संवाद तिथेच संपतो. वस्तुतः त्या एका शब्दाने मुलगा एक अर्थ सांगत असतो आणि घर दुसराच अर्थ ऐकत असते. ‘देव नाही’ म्हणणे आणि ‘धर्म नको’ म्हणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की घर दुभंगते.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे दोन्ही शब्द सिद्ध केलेले आहेत. टीकाकारांनी त्यांचा अर्थ लावताना ईश्वराचा उल्लेख केलेला नाही. परलोक आहे असे मानणारा तो आस्तिक आणि नाही असे मानणारा तो नास्तिक, असा तो अर्थ आहे. मनुस्मृतीने मात्र वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरविले. याच दुसऱ्या कसोटीवर जैन आणि बौद्ध दर्शनांची गणना शतकानुशतके नास्तिक दर्शनांत होत आली. ईश्वर न मानणारा तो नास्तिक, हा आज रूढ असलेला अर्थ या दोहोंहून निराळा आहे.

जैन आचार्यांनी हा शिक्का निमूटपणे स्वीकारला नाही. आचार्य हरिभद्रसूरींच्या ‘षड्दर्शनसमुच्चय’ या ग्रंथात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय ही सहाही दर्शने आस्तिक मानलेली आहेत. नास्तिक म्हणून वेगळा काढला आहे तो लोकायत, म्हणजेच चार्वाक मत. या मांडणीची कसोटी वेदप्रामाण्य नाही आणि जगत्कर्ता ईश्वरही नाही. आत्मा, कर्मफल आणि मोक्ष यांचा स्वीकार हीच ती कसोटी होय.

जैन दर्शन जगत्कर्ता ईश्वर मानीत नाही. विश्व अनादि-अनंत आहे, सहा द्रव्यांचे आहे, आणि जीव आपल्या कर्माचे फळ स्वतःच भोगतो. नवकार मंत्रात ज्यांना वंदन केले जाते ते पंच परमेष्ठी विश्वाचे निर्माते नव्हेत. त्या मंत्रात एकाही तीर्थंकराचे नाव येत नाही. वंदन आहे ते पदाला आणि त्या पदाच्या गुणांना. वीतराग भगवंत प्रसन्न होत नाहीत, तसे रुष्टही होत नाहीत. आणि तरीही सम्यक्त्वाची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, प्रशम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य, त्यांत आस्तिक्याला स्थान आहे. म्हणजे जैन परंपरेत अनीश्वरवाद आणि आस्तिक्य एकाच घरात सुखाने नांदतात. या भूमीत हे एकट्या जैनांचे वैशिष्ट्य आहे असेही नव्हे. यज्ञकर्माचे एवढे मोठे शास्त्र उभारणाऱ्या पूर्वमीमांसेलाही जगत्कर्त्या ईश्वराची गरज भासली नाही. ईश्वराचा नकार आणि धर्माचा त्याग यांत काय अंतर आहे, याचा याहून जवळचा पुरावा कोणता?

आता खानदेशच्या मातीतील एका प्रसंगाकडे वळू. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. महात्मा गांधी तेथे उपस्थित होते. ‘ईश्वर हेच सत्य’ या आपल्या जुन्या वचनाऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणणे त्यांनी पसंत केले होते. नास्तिकही सत्य नाकारू शकत नाही, हे त्याचे कारण त्यांनी 1931 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे दिले होते. अधिवेशनाचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. संघटित धर्माविषयी त्यांना ओढ नव्हती. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी होऊ नयेत, असे त्यांनी 1954 च्या मृत्युपत्रात लिहून ठेवले. मात्र मूठभर रक्षा गंगेत सोडावी, हेही लिहिले आणि त्यामागे धार्मिक भाव नसल्याचे स्पष्ट केले. कारावासातून नुकतेच सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही त्या अधिवेशनाला आले होते, आणि ते तर उघड जडवादी. धर्मनिष्ठ, धर्माविषयी उदासीन आणि जडवादी असे तिघेही एका मांडवात होते. त्यांच्यात मतभेद होते, आणि ते तीव्र होते. परंतु कोणी कोणाला मांडवाबाहेर काढले नाही.

याच रॉय यांच्या विचारांकडे पुढे ओढले गेलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्याचे सुपुत्र. त्यांचा जन्म 1901 साली पिंपळनेर येथे झाला आणि शास्त्राध्ययन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत झाले. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात गांधीजींना त्यांनी शास्त्राधार पुरविला. गांधीजींचे चिरंजीव देवदास यांचा आंतरजातीय विवाह 1933 मध्ये पुण्यास झाला, तेव्हा पौरोहित्य त्यांनीच केले. पुढे ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आणि ‘जडवाद’ ही पुस्तके त्यांच्या लेखणीतून उतरली. त्याच वेळी धर्मशास्त्राचा अवाढव्य ‘धर्मकोश’ संपादित करण्याचे काम त्यांनी आयुष्यभर चालविले. अशा पुरुषाला एका शब्दात कोठे बसवावे? विचाराने ते ईश्वरवादी राहिले नाहीत, पण धर्म हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय अखेरपर्यंत राहिला. 1994 मध्ये त्यांचे निधन झाले. धर्माची चिकित्सा करणारा धर्माचा शत्रूच असतो, ही समजूत त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

धुळ्याच्याच कारागृहात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबा निःसंशय ईश्वरनिष्ठ होते. तरीही सर्व जैन संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, हा ध्यास त्यांनीच घेतला. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाणवर्षात, 1974 मध्ये, 756 गाथांचे ‘समणसुत्तं’ त्यातून सिद्ध झाले. 1982 च्या दिवाळीत, महावीर निर्वाणाच्याच दिवशी, अन्न आणि औषध यांचा त्याग करून विनोबांनी देह ठेवला. ईश्वरवाद आणि अनीश्वरवाद यांमधील भिंत आचरणाच्या पातळीवर किती पातळ होऊ शकते, हे त्यातून दिसते.

याच्या नेमके उलट टोक मुंबई उच्च न्यायालयापुढील एका प्रकरणात पाहावयास मिळाले. काही याचिकाकर्त्यांची प्रभू येशूवर श्रद्धा होती. मात्र आपण कोणत्याही धर्माचे नाही, अशी नोंद शासकीय राजपत्रात व्हावी, ही त्यांची मागणी होती. ती नाकारली गेल्यावर ते न्यायालयात गेले. कोणताही धर्म न मानण्याचा अधिकार संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे आणि शासन कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये दिला. येथे देव आहे, पण धर्म नको. जैन दर्शनात धर्म आहे, पण जगत्कर्ता देव नाही. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की विषय स्वच्छ होतो.

सारांश, माणसे चार प्रकारची दिसतात. कोणी ईश्वर मानतो आणि धर्मही पाळतो. कोणी ईश्वर मानतो, पण कोणत्याही धर्मात राहू इच्छित नाही. कोणी ईश्वर मानीत नाही, पण धर्म पाळतो. आणि कोणी दोन्ही मानीत नाही. पहिला प्रश्न श्रद्धेचा आहे, दुसरा आचाराचा आणि समाजाशी असलेल्या नात्याचा. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे गृहीत धरता येत नाही.

येथे तरुणांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘जैन धर्मच नास्तिक आहे, मग माझे काय चुकले?’ असा युक्तिवाद काही जण करतात. तो अर्धाच खरा आहे. आधुनिक नास्तिक बहुधा ईश्वराबरोबर आत्मा, पुनर्जन्म आणि मोक्ष यांनाही नकार देतो. जैन दर्शन फक्त जगत्कर्त्याला नकार देते आणि बाकी सर्वांचा भार जीवाच्या स्वतःच्या खांद्यावर ठेवते. कोणी क्षमा करणारा नाही, कोणी तारणारा नाही, म्हणून जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. अनीश्वरवाद ही जैन साधनेतील सवलत नाही.

आणि वडीलधाऱ्यांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. दुकानाची भरभराट व्हावी, मुलीचे लग्न जमावे, खटला जिंकावा, म्हणून वीतरागापुढे जे मागणे मागितले जाते, ते कोणत्या दर्शनात बसते? देण्या-घेण्याच्या पलीकडे गेलेल्या भगवंताला वरदाता करणे, हाही सिद्धांतापासून ढळण्याचाच प्रकार आहे. मुलगा प्रतिक्रमणाला बसत नाही याचे दुःख जरूर व्हावे. पण मापात खोट करून प्रतिक्रमणाला बसणारा अधिक धार्मिक आहे काय? देव न मानणारा एखादा तरुण रक्तदान करतो, हिशेब चोख ठेवतो, मुक्या प्राण्याला इजा होऊ देत नाही, तेव्हा नाव न घेताही तो अणुव्रतांच्या वाटेवर असतो. त्याला निधर्मी म्हणून दूर लोटणे समाजाच्या हिताचे नाही. तसेच विचारपूर्वक सर्वच धर्मांपासून दूर राहू इच्छिणाऱ्यावर जैनत्व लादणेही योग्य नाही. त्याच्या मताचा आदर करणे हीसुद्धा अहिंसाच होय.

अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे कठीण वाटू नये. अनेकांत म्हणजे सर्व मते सारखीच खरी, असे नव्हे. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, हे विचारण्याची ती शिस्त आहे. म्हणून घरातील मुलगा जेव्हा ‘मी नास्तिक आहे’ असे म्हणेल, तेव्हा रागावण्याआधी त्याला विचारावे, ‘बाळा, तू नेमके काय नाकारतोस? जगाचा कर्ता, की आत्मा? कर्मकांड, की सदाचार? की घरातील मोठ्यांच्या बोलण्यात आणि वागण्यात पडलेले अंतर?’ पुष्कळदा उत्तर शेवटच्या प्रश्नापाशी येऊन थांबेल, आणि त्याचा उपाय उपदेशात नसून मोठ्यांच्या आचरणात असेल.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 14 लाख व्यक्तींनी आपला धर्म जैन असा नोंदविला. रकाना भरला, एवढेच त्यावरून कळते. त्यांतील कितीजणांच्या जीवनात अहिंसा, अपरिग्रह आणि अनेकांत उतरला आहे, हे कोणतीही जनगणना सांगू शकत नाही. येत्या पन्नास वर्षांत या संस्थेने वास्तू तर उभाराव्यातच, पण जेथे तरुणाला न घाबरता शंका विचारता येईल असा एक कोपरा प्रत्येक वास्तूत राखून ठेवावा. गणधर गौतमस्वामी शंका घेऊनच भगवंतांसमोर आले होते. भगवंतांनी त्यांना परत पाठविले नाही.

जय जिनेंद्र.