सेवा आणि दायित्व
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचा आढावा अहवालात स्वतंत्रपणे दिला आहे. येथे आम्ही एका अवघड प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. उपचारात चूक झाली, तर तिचा भार कोणी सोसावा? नुकसानभरपाईच्या दिवाणी कायद्याच्या, म्हणजेच अपकृत्यांच्या कायद्याच्या, मुळाशी हाच प्रश्न आहे.

या कायद्यातील एक महत्त्वाचा निवाडा आपल्याच शहरातील घटनेवरून झाला. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील शासकीय रुग्णालयात एका महिलेची प्रसूती झाली व त्यानंतर तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तिला ताप चढला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापडी बोळा राहिल्याचे आढळले. त्याच महिन्यात तिचे निधन झाले. कुटुंबीयांनी दावा दाखल केला. येथील दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये भरपाई पुन्हा कायम केली. घटनेला तोवर ३२ वर्षे उलटून गेली होती.

या निवाड्यातील तीन तत्त्वे प्रत्येक रुग्णालयाने ध्यानात ठेवावीत अशी आहेत.

पहिले तत्त्व दोषाचे. उपचार अयशस्वी झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे कायदा मानत नाही. डॉक्टरांनी वाजवी कौशल्य व काळजी वापरली असेल, तर दोन जाणकारांच्या उपचारपद्धती भिन्न असल्या तरी दोष लागत नाही. असे नसते, तर अत्यवस्थ रुग्णाला हात लावण्यास कोणीच धजावले नसते. परंतु पोटात बोळा राहणे हा मतभेदाचा विषय नव्हे. तेथे घडलेली गोष्टच हलगर्जीपणाची साक्ष देते.

दुसरे तत्त्व पुराव्याचे. भूल दिलेल्या रुग्णाला कोणाच्या हातून काय घडले, हे कसे कळणार? म्हणून नेमका कोणता कर्मचारी चुकला हे सिद्ध झाले नाही, तरी संस्थेचे दायित्व टळत नाही. कर्मचारी नेमणे, शिकवणे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणे संस्थेच्या हाती असते. चूक टाळण्याची शक्ती जिथे, तिथेच तिचा भार.

तिसरे तत्त्व सर्वांना समान दायित्वाचे. शासनाच्या सार्वभौम कार्यातील चुकीबद्दल भरपाई मागता येत नाही, या १९६४ च्या कस्तुरीलाल निवाड्याचा आधार उच्च न्यायालयाने घेतला होता. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

येथे आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेचा प्रश्न येतो. गोरगरिबांसाठी दिलेला पैसा भरपाईत का जावा, असे देणगीदारांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संस्थेने भार नाकारला, तर तो नाहीसा होत नाही. ज्या घरातील कर्ता माणूस किंवा आई गेली, त्या घरावर तो पडतो. मग ज्याचे नुकसान झाले तोच आपला सर्वांत मोठा आणि सक्तीचा देणगीदार ठरेल. दायित्व विम्याचा हप्ता हा म्हणूनच आम्ही सेवेचाच खर्च समजतो. एका कुटुंबाला मोडून टाकणारे नुकसान त्यामुळे अनेकांत वाटले जाते. ग्राहक संरक्षण कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हेच सूत्र धरले: जेथे काही रुग्ण पैसे देतात व काहींना मोफत उपचार मिळतात, तेथे मोफत उपचार घेणाऱ्यासही दाद मागता येते. सेवा विनामूल्य असली, तरी काळजी कमी असून चालत नाही.

भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. कायद्याचा खरा उपयोग पुढील रुग्णासाठी आहे. पोट शिवण्यापूर्वी बोळ्यांची व उपकरणांची दोघांनी मिळून मोजणी करणे, तिची नोंद ठेवणे आणि चूक झाल्यास आप्तांना विनाविलंब सत्य सांगणे, ही कामे खर्चिक नाहीत. १९६३ मध्ये एक मोजणी अचूक झाली असती, तर एका घराला वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या.

आपल्या देणगीबरोबर आपले प्रश्नही आम्हांस मिळत राहावेत, ही नम्र विनंती.