बारावीचा उंबरठा

'माझं वय बेचाळीस. आता पदवीला प्रवेश मिळेल का हो?' मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून काम करताना हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. विचारणारे बहुधा आवाज खाली आणून विचारतात. सोबत मुलगी असेल तर प्रश्न तीच विचारते आणि आई दोन पावले मागे उभी राहते.

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बी.ए., बी.कॉम.साठी मुक्त विद्यापीठात वयाची वरची मर्यादा नाही. २०२० साली ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने तर चौसष्टाव्या वर्षी 'नीट' उत्तीर्ण होऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेव्हा वयाची चिंता सोडा. माझा पुढचा प्रश्न असतो, 'बारावी झाली आहे का?' आणि तिथे बोलणे थांबते.

दहावीनंतर लग्न झाले, वडील गेले म्हणून दुकानात बसावे लागले, गावात अकरावीचा वर्गच नव्हता. शिक्षण सुटण्याची कारणे अशी साधीच असतात. अशा लोकांसाठी मधली एक वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या नियमांत अशी तरतूद होती, की मागचे काहीच शिक्षण कागदावर नसले तरी एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या माणसाने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, तर त्याला दूरशिक्षणातून पहिल्या पदवीला बसता येईल. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू होते आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. तिथल्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाने बारावी न झालेल्या कितीतरी जणांना बी.ए.च्या वर्गात आणून बसवले. ती पुस्तके मराठीत होती आणि चूल सांभाळून वाचता येतील अशी होती. या कामाचे मोल कमी लेखू नये.

तरीही आज कोणी सल्ला विचारला, तर मी सांगतो की आधी बारावी करा. पदवी हातात आली तरी पुढे नोकरीच्या किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या अटींत 'बारावी उत्तीर्ण' असे स्वतंत्र लिहिलेले असते. प्राथमिक शिक्षकाची पदविका घ्यायची तर बारावीचेच गुण पाहतात, बी.ए.चे नव्हे. पहिली पदवी न घेता थेट एम.ए. केलेल्यांचा अनुभव तर याहून कडू आहे. तशी एम.ए. ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले. एक पायरी गाळली की ती दहा वर्षांनी पायात येते. एका वर्षात पदवी देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींचे तर नावच काढू नका.

मग घरबसल्या बारावी करायची कशी? दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे आपल्या राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा फॉर्म'. शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्यासाठी तो भरायचा असतो. जवळचे एखादे कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि तोंडी परीक्षा, प्रकल्प तिथे होतात. ज्यांची दहावीही राहिली आहे, त्यांना तीही याच फॉर्मवर देता येते.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे एकदा नाव नोंदवले की पाच वर्षे ते चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. पाच विषय एकदम द्यायचे बंधन नाही. या खेपेला दोन द्यावेत, पुढच्या खेपेला एक. उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा अंथरुणावरचे माणूस आहे, त्यांना मला ही वाट जास्त सोयीची वाटते. रोजचा तास ठरलेला असेल आणि मराठी माध्यमातल्या शिकवणीचा आधार हवा असेल, तर सतरा नंबरच बरा.

आता कागदपत्रांविषयी. अभ्यासाने दमून परत गेलेले फार थोडे पाहिले, कागदाने दमून गेलेले पुष्कळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. पूर्वी केंद्रावरचा लेखनिक हे समजून घ्यायचा, संगणक समजून घेत नाही. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आयोगाचा 'डेब आयडी' सक्तीचा झाला आहे. त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक लागतो आणि तो आधारशी जोडलेला असतो. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जवळ हवा. नोंदणीच झाली नसेल तर ती आता करून घ्या. लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून लाजू नका. शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेण्याचाही मार्ग आहे. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर त्याच शाळेतून दुसरी प्रत मिळते. शाळाच बंद पडली असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मात्र मंडळाच्या विभागीय कार्यालयातून घ्यायची.

'एवढं करून ती घरबसल्या मिळवलेली पदवी चालते का?' हेही विचारले जाते. मान्यताप्राप्त मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या महाविद्यालयातल्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितले. 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. विद्यापीठाला त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर दिसते. पैसे भरण्यापूर्वी घरातल्या शाळकरी मुलाला ते बघायला सांगा. त्याला पाच मिनिटे लागतील.

अभ्यासाचे म्हणाल तर पहिली अडचण बुद्धीची नसते, हाताची असते. वीस वर्षांत सही आणि वाणसामानाची यादी यापलीकडे लिहिलेले नसते. तीन तासांच्या पेपरात दुसऱ्याच तासाला बोटे आखडतात. आमच्याकडे येणाऱ्या एक ताई रोज रात्री ओटा आवरला की वर्तमानपत्राचा अग्रलेख वहीत उतरवून काढत. अर्थ कळो न कळो, दोन पाने लिहायचीच. परीक्षेपर्यंत त्यांच्या तीन वह्या भरल्या होत्या.

सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी ती पावसाळ्याच्या सुमारास असते आणि दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीला कधी कधी महिनाही लागतो. तेव्हा पेटीच्या तळाशी असलेला दाखला आजच शोधून ठेवा, आणि त्यावरची जन्मतारीख आधारशी जुळते का तेही पाहून घ्या.