कास रोज चाचपतो, स्वतःला कधी?

मूर्तिजापूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

धार काढायला बसलं की आपला हात आधी कासेवर फिरतो. सड कडक लागला, दुधात गुठळी दिसली, की ‘दगडी झाली’ म्हणून त्याच दिवशी जनावराच्या डॉक्टरला फोन जातो. स्वतःच्या छातीवरून असा हात आपण कधी फिरवला?

आमच्या गटातल्या एका ताईला दिवाळीआधी अंघोळ करताना छातीत चिंचोक्याएवढी गाठ लागली. सांगायची लाज वाटली, त्यात कपाशीची वेचणी. ‘वेचणी सरली की जाऊ’ म्हणता म्हणता होळी आली आणि गाठ लिंबाएवढी झाली. तपासणीत कर्करोग निघाला. आता उपचार चालू आहे. ताई म्हणते, “दुखली असती तर लवकर गेले असते.” फसगत इथंच होते. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

हा आजार पापाचा नाही, दृष्टीचा नाही, शिवल्यानं लागतही नाही. दारातल्या कुत्रीलाही अशा गाठी होतात. गाई-म्हशींना मात्र क्वचितच. त्यांची कास सुजते ती बहुतेक जंतूंमुळे. आपल्याही बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी कोणती, हे डॉक्टरनंच सांगायचं.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. त्यांच्यातला आजार लवकर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून पाळी आल्यावर सात-आठ दिवसांनी, पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून, तीन बोटं सपाट ठेवून गोल फिरवत काखेपर्यंत चाचपा. गाठ, कातडीला खळी, आत ओढलेली बोंडी किंवा रक्ताचा स्राव दिसला तर थांबू नका. काहीच नसलं तरी तिशीनंतर उपकेंद्रात सिस्टरकडून तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते. पुढं गरज पडली तर मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचं सर्वोपचार आहेच.

येत्या बैठकीत हप्ता लिहिताना आम्ही प्रत्येकीला विचारणार आहोत : तपासणी झाली का? एकटीला लाज वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. वेचणी दोन दिवस थांबते, गाठ थांबत नाही.