घर विकणे आहे



वर्तमानपत्र हाती आल्यावर कोणी आधी अग्रलेख वाचतात, कोणी निधनवार्ता पाहतात. माझ्यासारखी काही थोडी माणसे अशीही असतात की, ज्यांची दृष्टी प्रथम छोट्या जाहिरातींच्या रकान्याकडे जाते. 'घर विकणे आहे' हे तीन शब्द तेथे नित्य भेटतात. या तीन शब्दांच्या पाठीशी काय काय उभे असते! कोठे भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात, कोठे मुले परदेशी स्थायिक झालेली असतात, कोठे आजारपणाने घराचा पाया पोखरलेला असतो. भाजी विकणाऱ्या बाईला आपल्या मालाचे वर्णन कोणी शिकवावे लागत नाही, कारण तो तिचा रोजचा व्यवसाय आहे. घर मात्र मनुष्य आयुष्यात एकदा, फार तर दोनदा विकतो. या व्यवहाराचा सराव कोणासच नसतो. आणि म्हणूनच एरव्ही हिशेबी असणारा गृहस्थ घराची जाहिरात लिहावयास बसला की एकाएकी कवी होतो.

'भव्य, प्रशस्त, हवेशीर, सर्व सोयींनी युक्त, मोक्याच्या जागी.' ही पाच विशेषणे आपण किती वेळा वाचली असतील! मी भाषेचा शिक्षक आहे. निबंधाच्या वहीत एखाद्या मुलाने 'आमचे गाव फार सुंदर आहे' असे लिहिले, तर मी समासात 'कसे?' एवढाच प्रश्न लिहितो. जाहिरात वाचणाऱ्याच्या मनातही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. 'प्रशस्त' म्हणजे किती? मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मनुष्यास दहा फूट बाय बारा फुटांची खोली प्रशस्त वाटते. वाड्यात वाढलेल्यास ती अडगळीची खोली वाटेल. त्याऐवजी 'बैठकीची खोली १० बाय १२ फूट' असे लिहिले की दोघांनाही आपापल्या परीने कळते. 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हेही असेच. पाच मिनिटे कोणाच्या पायांनी? धडधाकट मनुष्य मिनिटास साधारण ऐंशी मीटर चालतो. म्हणजे पाच मिनिटांत चारशे मीटर. अंतर बाराशे मीटर असेल तर तसे लिहावे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन येणारे कुटुंब ते वाचून आपला निर्णय घेईल, आणि येऊन पाहिल्यावर तुमच्यावर रागावण्याचा प्रसंग त्यांस येणार नाही.

मापांचा प्रश्न आला की आपल्या सीमाभागात गोंधळ अधिक. बेळगावचा मनुष्य जमिनीविषयी गुंठ्यांत बोलतो, गोव्यात चौरस मीटरचा हिशेब चालतो, हैदराबादेस चौरस यार्डाचा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात् सुमारे १०१ चौरस मीटर. चौरस यार्ड म्हणजे नऊ चौरस फूट. ग्राहक परगावचा असण्याचा संभव असेल तर दोन्ही मापे द्यावी, त्यात चार शब्दांचाच खर्च आहे. सदनिकेच्या बाबतीत तर एकाच घराचे तीन आकडे सांगण्याची चाल पडली आहे: कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप. शेवटच्या आकड्यात जिना, लिफ्ट, प्रवेशाचा दिवाणखाना यांतील तुमचा वाटाही मोजलेला असतो. तेथे खाट टाकता येत नाही! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली आहे. बाहेरील भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची वगळून, परंतु आतील खोल्यांमधील भिंती धरून जे वापरण्याजोगे क्षेत्र उरते, ते कार्पेट. तो कायदा मुख्यतः बांधकाम करून विकणाऱ्यांसाठी आहे, हे खरे. तथापि आपण आपले राहते घर विकताना त्याच व्याख्येचा आकडा दिला तर समोरच्याला दुसऱ्या घराशी तुलना करता येते.

आता जुन्या घरांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण गोव्यात आजकाल सर्वांत अधिक अतिशयोक्ती या घरांच्या बाबतीत होते. कौलारू घर दिसले, दारापुढे बलकांव दिसला, खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या दिसल्या, की जाहिरातीत ते 'दोनशे वर्षांचे पोर्तुगीज घर' होऊन बसते. वस्तुतः या घरांपैकी बहुतेक घरे गोमंतकीय कुटुंबांनी आपल्या राहण्यासाठी, येथल्याच गवंड्यांकडून, येथल्याच जांभ्या चिऱ्यांत बांधून घेतलेली आहेत. बार्देशातील तोर्डा येथे जेरार्ड द कुन्हा या वास्तुकाराने 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय उभारले आहे. ज्यांना आपल्या घराचे खरे अवयव ओळखावयाचे असतील त्यांनी ते अवश्य पाहावे. मालकाचे आडनाव पोर्तुगीज आहे एवढ्यावरून घर पोर्तुगीज होत नाही, हे मी माझ्या आडनावाला स्मरून सांगतो.

घराच्या वयाचीही तीच गत. छपरावरून एखादे कौल खाली काढतात, त्यावर १८६५ हा सन उमटलेला दिसतो, आणि घरातील मंडळी आपले घर त्या सालचे समजू लागतात. बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. कौलावरचा सन पुष्कळदा कारखान्याच्या स्थापनेचा असतो, तुमच्या घराच्या नव्हे. शिवाय कौले ही बदलण्याची वस्तू आहे. भिंती जुन्या व छप्पर नवे, असे कितीतरी ठिकाणी आढळते. वयाचा कागद हाती नसेल तर 'आजोबांच्या वेळचे घर. १९५० पूर्वीपासून कुटुंबाच्या वापरात' एवढे लिहावे. ते खरे असते आणि वाचणाऱ्यास पुरतेही.

गुण सांगण्याचे काम अशा रीतीने थोड्याशा काटेकोरपणाने होऊन जाते. खरी पंचाईत दोष सांगण्याची! 'आपल्याच तोंडाने आपल्या घराची निंदा कोणी करतो का?' असे मला पुष्कळांनी विचारले आहे. या बाबतीत आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम असे सांगते की, मालमत्तेत किंवा मालकी हक्कात जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि साधारण काळजीने पाहूनही जो त्यास कळण्याजोगा नाही, तो दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक गणली जाते. भिंतीला पडलेली भेग कोणालाही दिसते. परंतु मार्च महिन्यात घर दाखवताना जुलैमधील गळती दिसत नाही. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्येकडून झोडपीत येतो. पश्चिमेकडील भिंत कोरड्या दिवसांत शहाण्यासारखी उभी असते. तिला नवा रंग देऊन घर दाखवणारे मालक मी पाहिले आहेत. नवा रंग फक्त एकाच भिंतीला असला की जाणता ग्राहक आधी त्या भिंतीलाच हात लावून पाहतो, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंवर बार्देशातील आपले घर विकण्याची वेळ आली. यजमान वारले होते, मुलगा व मुलगी कॅनडात. बाईंनी मुलीकडे जावयाचे ठरवले होते. घराचे जे पैसे येतील ते त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा आधार होते. भाच्याने जाहिरातीचा मसुदा करून दिला होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, जरा शुद्धलेखन पाहा." शुद्धलेखन निर्दोष होते. मसुद्यात घर 'राजेशाही' होते, 'दारापर्यंत रस्ता' होता आणि 'कागदपत्रे एकदम क्लिअर' होती.

मी म्हटले, "बाई, दारापर्यंत मोटार येते का?"

"मोटार नाही येत. स्कूटर येते. मोटार खालच्या क्रुसाजवळ ठेवावी लागते."

"आणि कागद?"

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. गोव्याच्या नागरी कायद्याची गोष्ट परप्रांतीय श्रोत्यांना नवी वाटेल. येथे विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची समाईक होते, आणि स्थावर विकावयाचे तर दोघांचीही संमती लागते. यजमानांच्या पश्चात मुलगा व मुलगी वारस झाली, एवढ्याने भागत नाही. जावई आणि सून यांच्याही सह्या लागतात. जावयाचे मुखत्यारपत्र आले होते, सुनेचे यावयाचे होते. शिवाय आवाराच्या उत्तरेकडील कोपऱ्यात मुंडकाराचे घर होते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने अशा कुटुंबास संरक्षण दिले आहे, आणि जमिनीचा मालक बदलला म्हणून त्याचा हक्क नाहीसा होत नाही. भाच्याने यातले काहीच लिहिले नव्हते. 'ग्राहक आधी येऊ दे, घर आवडू दे, विसार घेऊ, मग सांगू,' असे त्याचे मत होते.

या 'मग सांगू' मध्ये केवढा धोका होता पाहा. ग्राहकाने विसार दिला, बाईंनी त्या भरवशावर विमानाची तिकिटे काढली, आणि नंतर मुंडकाराची व अपुऱ्या सहीची गोष्ट बाहेर आली, तर व्यवहार मोडणार, विसार परत मागितला जाणार, प्रसंगी कोर्टाची पायरी चढावी लागणार. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी त्या वेळी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? मी त्यांना एवढेच सुचवले की सुनेचे मुखत्यारपत्र हाती येईपर्यंत जाहिरातच देऊ नये. ते येण्यास दोन महिने लागले. त्या अवधीत आम्ही मजकूर पुन्हा लिहिला. तो असा झाला:

'म्हापसा बाजारापासून ४ कि. मी. जांभ्या चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे एकमजली घर. चार खोल्या, स्वयंपाकघर, बलकांव. बांधकाम १६० चौ. मी., आवार ६२० चौ. मी. विहिरीस मे महिन्यातही पाणी असते. घरापर्यंत दुचाकी येते. मोटार ७० मीटर अलीकडे. पश्चिमेकडील खोली पावसाळ्यात ओलावते, तेथील वासे बदलावे लागतील. उत्तर कोपऱ्यात मुंडकाराचे घर आहे. सर्व वारसांची संमती लेखी तयार; एक-चौदाचा उतारा पाहावयास मिळेल.'

बाईंचा आग्रह होता की 'मानकुराद आंबा न तोडणाऱ्यानेच यावे' ही ओळ घालावी. मी म्हटले, घर विकल्यावर आंबा तोडू नका असे सांगण्याचा अधिकार आपणांस राहत नाही. त्या म्हणाल्या, "अधिकार नको. इच्छा लिहिते." ओळ राहिली.

भाचा रुसला. "अशी जाहिरात वाचून कोण येणार?" पहिल्या आठवड्यात खरोखरच कोणी आले नाही, दलालांचे फोन मात्र पुष्कळ आले. पुढे महिनाभरात चार कुटुंबे आली. चौथे कुटुंब बेळगावचे होते. ते येताना आपल्याबरोबर सुतार घेऊन आले, आणि सरळ पश्चिमेच्या खोलीत गेले. वाशांचा खर्च किती येईल, एवढ्यावरच काय ती घासाघीस झाली. मुंडकाराशी त्यांनी स्वतः जाऊन बोलणे केले. भाच्याचे म्हणणे अजूनही असे आहे की, गळतीचे लिहिले नसते तर दोन लाख अधिक आले असते. असेलही. बाई ठरल्या तारखेस विमानात बसल्या, आणि त्यानंतर त्यांना वकिलाचे एकही पत्र आले नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मला स्पष्ट बोलावयाचे आहे. काही जाहिरातींच्या शेवटी 'अमुक समाजाच्या लोकांनीच चौकशी करावी' असे छापलेले असते. सर्व धर्मांच्या मुलांना एका बाकावर बसवून मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. ती ओळ वाचली की त्या बाकावरून कोणाला तरी उठवल्यासारखे मला वाटते. घराच्या वर्णनात तिला जागा नाही.

छायाचित्रांचे थोडक्यात सांगतो. हल्ली ती मोबाईलवर काढून पाठवतात. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून, सकाळच्या उजेडात, दारे-खिडक्या उघडून काढावी. दोरीवरचे कपडे काढावे. भिंतीवरचे ओल्याचे डाग पुसून टाकण्याच्या युक्त्या फोनमध्ये असतात, त्या वापरू नयेत. मजकुरात जे कबूल केले आहे ते चित्रातही दिसू द्यावे.

भेटीची वेळ लिहावयास विसरू नये. दुपारी दोन ते चार गोव्यात कोणी कोणाच्या दारी जात नाही, परंतु परगावच्या मनुष्यास हे कसे ठाऊक असणार? आणि विसार घेतला की त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या कचेरीस कळवून जाहिरात थांबवावी. ज्यांनी येण्याचे कळवले असेल त्यांना फोन करून घर गेल्याचे सांगावे. बेळगावाहून वा कोल्हापुराहून दोन गाड्या बदलून, लहान मुलांना घेऊन आलेल्या माणसांना फाटकातूनच माघारी पाठवण्याची पाळी येऊ नये.